रक्त थांबले म्हणजे रोग गेला काय?



काजूच्या हंगामात उन्हात राबणाऱ्या माणसास उन्हाळे लागले, तर तुये-पेडण्याकडील घरांत धण्याजिऱ्याचे पाणी देतात. मूतखड्याचा संशय आल्यास कुळथाचे कढण. या उपायांस कोणी हसू नये. परंतु लघवीत रक्त दिसले की तो प्रश्न स्वयंपाकघराचा राहत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. त्यामागे पाण्यातील गोगलगाईच्या आश्रयाने वाढणारा कृमी आहे, असे गाडगीळ व शहा या डॉक्टरांनी १९५२ साली प्रसिद्ध केले. इजिप्तमध्ये अशाच कृमीमुळे मूत्राशयाचा एक निराळा कर्करोग पुष्कळांना झाला. आपल्याकडे तो विरळा. लक्षण एकच, कारणे मात्र किती भिन्न!

बहुतेक वेळा कारण संसर्ग वा खडा हेच असते, म्हणून घाबरू नये. तथापि कर्करोगाचे रक्त बहुधा वेदनेवाचून येते आणि काही दिवसांनी आपोआप थांबते. नेमक्या त्याच दिवसांत गोळ्या चालू असतात, आणि श्रेय गोळ्यांना मिळते! एक प्रकार तर मूत्राशयाच्या अस्तरावर सपाट पसरतो. जळजळ, वारंवार लघवी, सारे संसर्गासारखेच. सोनोग्राफीतही तो सहसा दिसत नाही. दुसरा अतिशय दुर्मीळ. गर्भात बेंबी व मूत्राशय यांना जोडणारी नळी पुढे मिटून जाते. तिच्या अवशेषात तो उद्भवतो. त्यात कधी रक्ताबरोबर चिकट स्रावही पडतो.

गुडघ्याचे दुखणे चारचौघांत सांगता येते, हे सांगवत नाही. स्त्रिया तर रक्त पाळीचेच समजून गप्प राहतात. पाळी कायमची गेल्यावर दिसलेले रक्त तरी लपवू नये.

संसर्ग म्हणून औषध चालू असेल, तर लघवीत जंतू खरोखर आढळले काय, हे डॉक्टरांना विचारावे. जंतू नसून त्रास टिकला, किंवा चाळिशीनंतर एकदाच का होईना रक्त दिसले, तर मूत्राशयात दुर्बीण घालून पाहण्याविषयी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात असे तज्ज्ञ आहेत. अखेरचा निर्णय तुकडा तपासूनच होतो.

जाताना जुने कागद न्यावेत, रक्त कोणत्या दिवशी दिसले ते टिपून ठेवावे. विडी-सिगारेट हे या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण आहे. ती किती वर्षे ओढली, हे कोणी विचारले नाही तरी सांगावे.