‘डिड नॉट वेंट’ असं आपण का बोलतो? इंग्रजी क्रियापदांचा घोळ समजून घ्या

पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको, यावरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात जोरदार वाद झाला. १६ एप्रिलला हिंदीचा शासन निर्णय निघाला. २९ जूनला सरकारने माघार घेतली आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या गदारोळात एक प्रश्न मागेच राहिला, तो म्हणजे इंग्रजीचं काय झालं?

मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्या वर्षी पहिलीत बसलेल्या मुलांनी आज तिशी ओलांडली आहे. तरीही खेडमधला एखादा तरुण लोटे एमआयडीसीत मुलाखतीला जातो, तेव्हा काम येत असूनही इंग्रजीत दोन वाक्यं बोलताना अडखळतो. शब्द आठवतात, पण क्रियापद चुकतं. असं का होतं?

मराठी आड येते, पण कुठे?

‘तो गेला’, ‘तो गेला का?’, ‘तो गेला नाही’. या तिन्ही वाक्यांत ‘गेला’ जसाच्या तसा आहे. इंग्रजीत मात्र प्रश्न किंवा नकार आला की भूतकाळ ‘डिड’कडे जातो आणि ‘वेंट’चं पुन्हा ‘गो’ होतं. आपलं डोकं मराठीच्या सवयीने ‘वेंट’ तसंच ठेवतं, म्हणून ‘ही डिड नॉट वेंट’.

‘मी दहा वर्षांपासून खेडमध्ये राहतो’ हे वाक्य घ्या. मराठीत इथे साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजीला ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागतं. आपण म्हणतो, ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स’.

मग ‘शी गो’चं काय?

इथे मराठीला दोष देता येत नाही. जातो, जाते, जातात, जातोस... कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. मग इंग्रजीतला एवढासा ‘एस’ का गळतो?

मराठीत नुसतं ‘जाते’ म्हटलं तरी कोण ते कळतं. इंग्रजीत ‘शी’ आधीच येऊन गेलेली असते, त्यामुळे ‘गोज’मधला ‘एस’ नवीन काही सांगत नाही. उच्चारातही तो पटकन ऐकू येत नाही. जे ऐकू येत नाही आणि ज्यावाचून अडत नाही, ते मेंदू सगळ्यात शेवटी उचलतो.

हे फक्त आपल्याकडेच होत नाही. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या स्पॅनिश आणि चिनी भाषिक मुलांचा अभ्यास केला. मातृभाषा वेगळ्या असूनही दोन्ही गटांचा क्रम बराचसा सारखा निघाला. ‘आयएनजी’ लवकर आलं, ‘एस’ उशिरा आला. मातृभाषेमुळे हा क्रम थोडा बदलू शकतो, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं.

चूक म्हणजे कधीकधी प्रगती

मूल आधी ऐकून ‘वेंट’ म्हणतं. पुढे ‘ईडी’चा नियम सापडला की तेच मूल ‘गोएड’ म्हणू लागतं. पालकांना वाटतं, येत होतं तेही विसरलं! खरं तर पाठांतर मागे पडून नियम वापरणं सुरू झालेलं असतं. काही काळाने ‘वेंट’ परत येतं.

मोबाइलवरची आपली सवय

‘लाइक केलं’, ‘फॉरवर्ड करतो’, ‘ब्लॉक करून टाक’. दिवसभर आपण इंग्रजी क्रियापदं वापरतो, पण काळ, लिंग, वचन हे सगळं ‘कर’ सांभाळतो. ‘लाइक’ कधी बदलतच नाही. त्यामुळे इंग्रजी शब्द वाढतात, पण ते वाक्यात चालवायचा सराव होत नाही.

मग करायचं काय?

काळांचा तक्ता पाठ करून परीक्षेत गाळलेल्या जागा भरता येतात. बोलताना मात्र तक्ता आठवायला वेळ नसतो. त्यासाठी तीच रचना अर्थासकट पुन्हा पुन्हा कानावर आणि डोळ्यांखाली यावी लागते. खरी अडचण इथेच आहे. ‘असर’ २०२२ च्या अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतली ४६.७ टक्के मुलंच सोपी इंग्रजी वाक्यं वाचू शकत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ४५.३ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांपर्यंत भाषा वाक्य म्हणून पोहोचतच नाही. त्यांना ‘एस’ दिसणार तरी कुठे?

म्हणून कोणतीही भाषा कितवीपासून शिकवायची, एवढाच वाद पुरेसा नाही. आठवड्यात मूल ती भाषा किती तास ऐकतं, वाचतं आणि न घाबरता बोलतं, हेही विचारायला हवं. घरी हे आजपासून करता येईल. मूल ‘शी गो टू स्कूल’ म्हणालं तर हसू नका, टोकूही नका. ‘येस, शी गोज टू स्कूल’ असं म्हणा आणि गप्पा पुढे चालू ठेवा.