हवालदारने तीनदा सांगितले होते

आमच्या मेसच्या मागे एक तांबूस कुत्रा राहायचा. डाव्या कानाला खाच होती, म्हणजे त्याची नसबंदी झालेली होती. सकाळी फॉलइनची शिट्टी झाली की तो सगळ्यांच्या आधी मैदानाच्या कडेला येऊन बसायचा आणि विसर्जन होईपर्यंत हलायचा नाही. म्हणून त्याचे नाव हवालदार. माझे पप्पा फौजेत हवालदार असल्यामुळे हे नाव मी घरी कधी सांगितले नाही.

नोव्हेंबरात तो गेला. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून निवारागृहात ठेवावीत आणि परत त्याच जागी सोडू नयेत. थोड्याच दिवसांनी गाडी आली. हवा इतकी वाईट होती की त्या आठवड्यात बाहेरची पीटी बंद होती, त्यामुळे आम्ही सगळे डॉर्मिटरीच्या खिडकीतूनच ते पाहिले. काही जण रडले. काही म्हणाले, बरे झाले, एकदा चावला होताच की.

तो ज्याला चावला तो मी. म्हणून या विषयावर लिहायचा मला थोडा हक्क आहे असे वाटते.

दिल्ली आणि आसपासच्या शहरांत या प्रश्नावर वर्षभर भांडण चालले. एका लहान मुलीच्या मृत्यूची बातमी वाचून न्यायालयाने 28 जुलैला स्वतःहून दखल घेतली. 11 ऑगस्टला सगळी कुत्री उचला असा आदेश आला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला : पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडून बाकीची लस देऊन जिथून उचलली तिथेच सोडा, आणि खायला घालायचे तर ठरलेल्या जागीच. आमच्या डॉर्मिटरीतही दोन पक्ष पडले होते. लाइट्स आउटनंतर कुजबुजत वाद चालायचा. एका पक्षाचे म्हणणे कुत्रा हा देवमाणूस, दुसऱ्याचे म्हणणे कुत्रा हा धोका. कुत्रा हा कुत्रा असतो, असे कोणीच म्हणत नव्हते. मीसुद्धा नाही.

आता चावण्याची गोष्ट. सप्टेंबरात एका संध्याकाळी ड्रिलमध्ये माझे पाऊल चुकले आणि एका सीनियरने मला सगळ्यांसमोर रगडा दिला. फ्रंट रोल किती मारले ते मोजले नाहीत, पण शेवटी आकाश आणि जमीन यांतला फरक कळेना. शिक्षेपेक्षा तो जे बोलला ते जास्त लागले. ते घरच्यांबद्दल होते, म्हणून इथे लिहीत नाही. मी मेसमागे गेलो. हवालदार पोत्यावर पडला होता. मी खाली बसून त्याच्या गळ्यात हात टाकला आणि घट्ट धरले. त्याने तोंड दुसरीकडे वळवले. मी सोडले नाही. त्याने जीभ नाकावरून फिरवली आणि जांभई दिली. मला वाटले, झोप आली आहे. मग तो लाकडासारखा ताठ झाला. मी आणखी जवळ ओढले. तेव्हा तो चावला, उजव्या मनगटावर. आणि मी उठून त्याला बुटाने लाथ मारली.

एम.आय. रूममध्ये आधी पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली हात धुवायला लावला. मग रुग्णालयात नेले. जखमेतच दिलेले ते इंजेक्शन मी जन्मभर विसरणार नाही. शिवाय दोन्ही दंडांत लस : त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून यातले एकही चुकवायचे नसते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवले. तो ठणठणीत होता.

दुसऱ्या दिवशी एका सातवीतल्या कॅडेटच्या बादलीतले पाणी माझ्या पलंगाखाली सांडले. मी त्याच्या कानाखाली मारली. डाव्या हाताने, कारण उजव्याला पट्टी होती.

हे मी कोणालाच सांगितले नाही. रविवारी प्रार्थना केली. आमच्या शाळेत ख्रिस्ती कॅडेट मोजके आहोत, आणि मराठी बोलणारा मी एकटाच. त्यामुळे मी पांघरुणात तोंड घालून अहिल्यानगरच्या आमच्या चर्चमधल्यासारखी मराठीत प्रार्थना करतो. क्षमा मागितली. बरे वाटले. इतके पटकन बरे वाटले की माझा मलाच संशय आला.

मग वाचनालयात माकडांविषयी एक पुस्तक हाती लागले. माकडे आम्हाला रोजची. मेसच्या छतावर बसतात, वाळत घातलेले मोजे नेतात. पण दिल्लीत हा प्रश्न गमतीचा नाही. 2007 मध्ये शहराचे उपमहापौर माकडांना हुसकावताना स्वतःच्या घराच्या सज्जातून पडून वारले. 2023 च्या जी-20 परिषदेच्या वेळी माकडांना भीती वाटावी म्हणून रस्त्यांवर लंगुरांचे कटआउट उभे केले होते. आमच्याकडे शिरणारी लाल तोंडाची माकडे डोळ्याला डोळा भिडवण्याला आव्हान समजतात. आणि तोंड न वासता नुसते दात दाखवणे म्हणजे ‘मी घाबरलो, मला मारू नका’. म्हणजे आपण दात दाखवून टक लावून त्यांचा फोटो काढतो तेव्हा एकाच वेळी धमकी देतो आणि शरणही जातो. माकडाने काय समजायचे?

पण मी थांबलो ते दुसऱ्याच पानावर. या माकडांत वरच्या दर्जाच्या माकडाने मारले की मार खाल्लेले माकड बऱ्याचदा लगेच फिरते आणि आपल्याहून खालच्या तिसऱ्याच कोणावर तरी तुटून पडते. त्या तिसऱ्याचा काही संबंध नसतो. पान उलटवले नाही. सीनियर, मी, कुत्रा, सातवीतला मुलगा : सगळे त्या पानावर होते.

मराठीत आपण म्हणतो, जनावरासारखा वागला. मी माकडासारखा वागलो हे खरे आहे, पण कुत्र्यासारखा वागलो असतो तर बरे झाले असते. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, अंग ताठ करणे ही सगळी कुत्र्याची ‘नको’ म्हणायची भाषा आहे. हवालदारने मला ते तीनदा सांगून पाहिले, आणि मग शेवटचे सांगितले. मी त्या मुलाला एकदाही सांगितले नव्हते.

माझी आजी बलामच्या गाढवीची गोष्ट फार रंगवून सांगते. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा असतो. तो गाढवीला दिसतो, बलाम मोठा द्रष्टा असूनही त्याला दिसत नाही. गाढवी एकदा शेतात वळते, एकदा भिंतीला घासते, एकदा खालीच बसते. तिन्ही वेळा तो तिला मारतो. मग देव तिचे तोंड उघडतो आणि ती विचारते, की इतकी वर्षे तुला वाहिले, मी कधी अशी वागले का? लहानपणी मला गाढवी बोलली याचेच नवल वाटायचे. आता वाटते, बोलायची वेळच यायला नको होती. ती तीनदा बोललीच होती.

एक गोष्ट कबूल करायला हवी. हवालदारला मी रोज बिस्किटे द्यायचो आणि स्वतःला प्राणिप्रेमी समजायचो. पण त्या संध्याकाळी मला उशी हवी होती, कुत्रा नको होता. खायला घालणारे पुष्कळ लोक असेच असतील असे माझे म्हणणे नाही. मी तसा होतो. आपण असेंब्लीत झूमसाठी दोन मिनिटे शांत उभे राहिलो होतो. ऑक्टोबर 2022 मध्ये अनंतनागमध्ये दोन गोळ्या लागूनही तो सैन्याचा कुत्रा झुंजत राहिला आणि 13 तारखेला श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात गेला. मान द्यायलाच हवा. पण मेरठला सैन्याचे कुत्रे तयार होतात तिथे हँडलरला आधी कुत्र्याचे कान, शेपूट, श्वास वाचायला शिकावे लागते. आपण सलाम ठोकायला शिकलो, वाचायला नाही.

मग न्यायालयाचे चुकले का? मला वाटते, शाळांपुरते नाही चुकले. माझे मित्र यावर रागावतील. सहावीत येणारा कॅडेट दहा-अकरा वर्षांचा असतो, पहिले काही महिने घरच्या आठवणीने रडत असतो, आणि रडणारे मूल जे करते तेच मी पंधराव्या वर्षी केले : समोर दिसेल त्या ऊबदार जिवाला मिठी मारली. त्याचा चेहरा माझ्या मनगटाच्या जागी असू शकला असता. पण कुत्रा नेला म्हणजे काम झाले, हेही खोटे आहे. डिसेंबर संपायच्या आत मेसमागे दोन नवी कुत्री आली. त्यांच्या कानाला खाच नाही. येणारच, खरकट्याच्या ड्रमला अजून झाकण नाही. हवालदार ज्या तुकड्यांवर जगला ते तुकडे तिथेच आहेत. झाकण बसवायला न्यायालयाची गरज नाही. आणि नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात सॅल्यूट शिकवतात, तेव्हा एक तास कुत्र्याची आणि माकडाची भाषाही शिकवावी, अशी माझी विनंती आहे.

दुसरी विनंती सीनियरांना होती, पण आता मीच सीनियर झालो आहे. आमच्यात म्हणतात, आम्ही खाल्ला, आता तुम्ही खा. याला परंपरा म्हणतात. पुस्तकात याला वेगळे नाव आहे, आणि ते करायला शाळेत यावे लागत नाही, मेसच्या छतावर बसले तरी जमते.

प्रभू येशूने सांगितले आहे, की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी उलटे केले होते. आधी देवाकडे गेलो, कारण तो सोपा होता. देवाच्या गालावर माझी बोटे उठली नव्हती.

हवालदार गेला त्या रात्री मी प्रेपनंतर सातवीच्या डॉर्मिटरीत गेलो. तो मुलगा पलंगावर पॉलिश करत बसला होता. मी जवळ जाऊन बल्बचे बटण दाबायला हात वर केला आणि त्याने मान फिरवली, डोळे मिटले, अंग ताठ केले. हे सगळे मी आधी पाहिले होते. मी हात खाली घेतला आणि दोन पलंग सोडून बसलो. बराच वेळ काही सुचेना. मग म्हणालो, मी मारले ते बादलीमुळे नव्हते. तो म्हणाला, मला माहीत आहे सर, हवालदारमुळे. मी म्हणालो, त्याच्यामुळेही नव्हते. आणि मग सगळे सांगितले, ड्रिलपासून. त्याने बूट खाली ठेवला नाही, पण ब्रश थांबला होता.

हाउसमास्तर सरांनी निवारागृहाचा पत्ता मिळवून दिला आहे. रविवारी आउटपास मिळाला तर मी जाणार आहे. त्या मुलाने विचारले, मी येऊ का? मी हो म्हटले. बिस्किटे न्यायची की नाही यावर आमचे अजून ठरलेले नाही.