बेअरिंग पंधरा पौंडांचं, मशीन तीनशेचं

परदेशातल्या सुखसोयींचं कौतुक करताना वॉशिंग मशीनचा उल्लेख हमखास येतो. ते बिघडल्यावर काय होतं, हे मात्र कोणी फारसं लिहीत नाही. तर मंडळी, आज त्याबद्दल.

आमचं मशीन नऊ वर्षांचं. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत असतं तसंच, स्वयंपाकघरात ओट्याखाली, सिंकशेजारी. (हो, इथे कपडे स्वयंपाकघरात धुतात. आईला हे अजून पटलेलं नाही!) गेल्या महिन्यापासून स्पिन सुरू झालं की घाट चढणाऱ्या एस.टी.सारखा आवाज येऊ लागला. मेकॅनिकलवाल्याला हा आवाज ओळखायला वेळ लागत नाही. ड्रमचं बेअरिंग गेलं होतं. मागचं रबरी सील झिजतं, पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग गंजतं.

आता बेअरिंग ही काही दुर्मीळ वस्तू नाही. पंपात, पंख्यात, स्कूटरच्या चाकात, सगळीकडे असते. सीलसकट जोडी इथे दहा-पंधरा पौंडांत मिळते. पण तपासायला आलेल्या कारागिराने मशीन मागून उघडलं आणि मान हलवली. स्टीलचा ड्रम ज्या प्लास्टिकच्या टबात फिरतो, त्या टबाचे दोन अर्धे भाग असतात. पूर्वी ते सर्रास स्क्रूंनी जोडलेले असत. आमच्या मशीनमध्ये ते वितळवून कायमचे चिकटवलेले निघाले. टब उघडत नाही, म्हणजे बेअरिंगपर्यंत हात पोचत नाही. मग ड्रमसकट अख्खा टब बदलायचा. त्याची किंमत आणि मजुरी मिळून आकडा जवळजवळ नव्या मशीनइतका, म्हणजे तीनशे पौंडांच्या घरात गेला. "नवीनच घ्या," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं.

इथे एक ढोबळ नियम सांगतात: दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यापेक्षा जास्त असेल तर मशीन बदला. हिशोब सोपा आहे आणि तो आपण करतोय असं वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की तो आपण करतच नाही. ज्या दिवशी कोणीतरी ड्रॉइंगवर स्क्रूच्या जागी वेल्डिंग लिहिलं, त्याच दिवशी आपला निर्णय झालेला असतो.

यात काही कटकारस्थान आहे असं मी म्हणत नाही. चिकटवलेल्या टबात स्क्रू वाचतात, गॅस्केट वाचतं, जोडणीचा वेळ वाचतो, गळतीची भीतीही कमी होते. मशीन स्वस्त पडतं आणि त्याचा थोडा फायदा आपल्यालाही मिळतो. पण त्याचं बिल नऊ वर्षांनी येतं आणि ते आपल्या एकट्याच्या नावावर!

"मग कायदा कशाला आहे?" असं तुम्ही विचाराल. आहे ना. १ जुलै २०२१ पासून इथे 'दुरुस्तीच्या हक्का'चे नियम लागू झाले. दाराचं सील किंवा साबणाचा खण असे भाग ग्राहकाला, आणि मोटर, पंप, बेअरिंग वगैरे भाग व्यावसायिक कारागिरांना, मॉडेलची विक्री थांबल्यावरही दहा वर्षं मिळाले पाहिजेत. ऐकायला झकास. पण भागांच्या किमतीवर मर्यादा नाही, आणि बेअरिंग ड्रमबरोबर एकत्रच विकण्याची मुभा आहे. म्हणजे नियमही पाळला आणि टबही बंदच राहिला! फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे २०२१ पासून मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापणं सक्तीचं झालं, आणि त्यात सुट्या भागांच्या किमतीलाही गुण होते. एप्रिल २०२५ पासून वॉशिंग मशीनसाठी त्याच्या जागी टिकाऊपणाचे गुण आले. गिऱ्हाइकाला हे विकत घेण्याआधी कळतं, हे महत्त्वाचं.

नवीन मशीन वीज कमी खातं हा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. इथली मशीन्स बहुधा थंड पाणी घेऊन आतच तापवतात, आणि धुण्यातली बहुतेक वीज त्या तापवण्यात जाते. जुन्याच मशीनवर चाळीसऐवजी तीस डिग्रीला कपडे धुतले तरी बरीच बचत होते. आपल्याकडे नळाच्या पाण्यातच धुतात, तिथे तर हा मुद्दा आणखी लंगडा पडतो.

म्हणून मोटरचे कार्बन ब्रश, पट्टा, पाणी उपसणारा पंप, दाराचं सील यापैकी काही गेलं तर फार विचार न करता दुरुस्त करा. बंद टबातलं बेअरिंग किंवा मुख्य सर्किट बोर्ड गेला, तरच कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आता तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे कारागीर आहेत, मजुरी स्वस्त आहे, आम्हाला काय त्याचं?" खरं आहे, आपला माणूस करवतीने टब कापून, सिलिकॉन लावून, बोल्ट मारूनही देईल. पण तो जुगाड झाला, हक्क नव्हे. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. सुरुवात चांगली आहे. पण नियम करताना ब्रिटनची ही पळवाट तेवढी उचलू नये. बेअरिंग सुटं मिळालं पाहिजे आणि बसवताही आलं पाहिजे, हे स्पष्ट लिहावं.

आम्ही शेवटी नवीन मशीन घेतलं. दुकानातल्या मुलाला त्याचं मोबाईल ॲप तोंडपाठ होतं. टब उघडतो का, हे त्याला कोणी कधी विचारलंच नव्हतं. सुट्या भागांच्या आकृत्या धुंडाळून आम्ही स्क्रूवाला टब शोधला आणि त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजले. तुम्हीही पुढचं मशीन घ्याल तेव्हा हा एक प्रश्न नक्की विचारा. उत्तर मिळणार नाही कदाचित. पण दहाजणांनी विचारलं, तर अकराव्यासाठी दुकानदार उत्तर शोधून ठेवेल.