सगळ्यांना पुरेल अशी चाल

शाळेच्या स्नेहसंमेलनात समूहगीत बसवायचं ठरलं की पहिलं काम कुठलं होतं? निवड! वर्गातली सुरेल दहा-बारा मुलं उचलायची आणि बाकीच्यांना प्रेक्षकांत बसवायचं. बाई जरा मऊ मनाच्या असल्या तर उरलेल्यांना मागच्या रांगेत उभं करतात आणि हळूच सांगतात, "तू नुसते ओठ हलव." मला ही पद्धत मुळीच पटत नाही. मुलाचा गळा आहे तसाच असतो. त्याला पेलेल अशी चाल बांधणं हे मोठ्यांचं काम आहे.

मी तीस वर्षं मराठी शिकवलं. शाळेला संगीताचा वेगळा शिक्षक नव्हता. मला पेटी थोडीफार येते, म्हणून कवितांना चाली लावायचं काम माझ्याकडेच आलं. त्या अनुभवावरून सांगते. पाचवी-सहावीच्या वर्गाला मधल्या पट्टीतले पाच-सहा स्वर आरामात पेलतात. चाल फार वर गेली की निम्मी मुलं ओरडतात आणि निम्मी गप्प होतात. ओळ एका श्वासात संपली पाहिजे, पालुपद वारंवार आलं पाहिजे. आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटतात. त्यांना खालचा सा धरून ठेवायला द्यावा, गाण्याला भक्कम पाया मिळतो. आणि ज्याला सूर सापडत नाही पण ठेका पक्का आहे, त्याच्या हाती झांज द्यावी.

यात माझं काही नवीन नाही. आपल्या भजनात हेच चालत आलंय. बुवा चरण सांगतात, जमेल तशी तान घेतात. पालुपद सगळे म्हणतात. गाता न येणारा टाळ धरतो, पण त्याला कुणी 'उरलेला' समजत नाही. टाळ चुकला तर बुवांचंही गाणं मोडतं!

हीच गोष्ट बेंजामिन ब्रिटन या इंग्लंडमधल्या मोठ्या संगीतकाराने मुद्दाम, विचारपूर्वक केली. त्याचं 'नोयेज फ्लड' हे बायबलमधल्या नोहाच्या जलप्रलयावरचं संगीत नाटक १८ जून १९५८ रोजी सफोकमधल्या ऑर्फर्ड गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा झालं. मोजके व्यावसायिक कलाकार सोडले तर बाकी सगळी मुलं. त्यात हौशी मुलांच्या व्हायोलिनसाठी त्याने तीन पातळ्या लिहिल्या. पहिली चांगल्या तयारीच्या मुलांना, दुसरी त्याहून सोपी. तिसरी अगदी नवशिक्यांना. त्यांनी बराच वेळ तारेवर बोटही न दाबता मोकळ्या तारांवर नुसता गज फिरवायचा. पावसाचे थेंब वाजतात ते दोरीला टांगलेल्या चिनी मातीच्या मगांवर लाकडी चमचे मारून. ही कल्पना त्याला इमोजेन होल्स्ट या संगीतकार बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात दाखवली. त्यांचे वडील गुस्ताव होल्स्ट हेही मोठे संगीतकार, आणि १९०५ पासून १९३४ मध्ये जाईपर्यंत लंडनच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिक्षक! अशी माणसं शाळेसाठी लिहिणं कमीपणाचं मानत नव्हती.

यावर कुणी विचारेल, मग दर्जाचं काय? सगळ्यांना घेतलं की हुशार मुलं मागे पडतील ना? पण ब्रिटनने पहिल्या व्हायोलिनचं काम सोपं केलं नाही. ज्याला झेप घेता येते त्याला ती घेऊ द्यावीच, एखादं कडवं त्याला एकट्याला द्यावं. फक्त नवशिक्याच्या वाट्याला आलेलं कामही खरं असावं. ते काढून घेतलं तर गाण्यात भोक पडलं पाहिजे. ओठ हलवणारा मुलगा गेला तर कुणाला कळतही नाही, आणि हे त्या मुलाला पक्कं ठाऊक असतं.

आमच्या ताईला तिसरीत असंच ओठ हलवायला सांगितलं होतं. ती आज ऐंशीची आहे. गणपतीच्या आरतीलासुद्धा ती गात नाही, टाळ्याच वाजवते. नातवंडांना तिने गोष्टी खूप सांगितल्या, पण अंगाई कधी म्हटली नाही. एका वाक्याने एवढं होतं!

हल्ली संमेलनात तयार गाणं स्पीकरवर लावतात आणि मुलं त्यावर नाचतात. नाचू देत, पण एक तरी गाणं त्या मुलांसाठी, त्यांच्याच गळ्यांना मापून बांधलेलं असावं. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. आधी महिनाभर वर्गाचं गाणं नीट ऐकावं, कोण कुठपर्यंत जातो ते वहीत टिपावं आणि मगच पेटी उघडावी. सोसायटीच्या गणेशोत्सवातही हे सहज जमेल.

असो. तुमच्या शाळेत तुमच्या वाट्याला काय आलं होतं: गाणं, झांज की नुसते ओठ? जरूर कळवा.