रोज दहा शब्द की रोज एक शब्द?



‘रोज दहा नवे इंग्रजी शब्द पाठ करा’ हा उपदेश तुम्ही अनेकदा ऐकला असेल. वर्षाकाठी साडेतीन हजारांहून अधिक शब्द, हा हिशेब मोहक आहे. परंतु माझ्या मते तो फसवा आहे.

पेणच्या एका गणपती कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारे एक विद्यार्थी माझ्या संपर्कसत्राला येत. वय चाळिशीपुढचे. त्यांच्या वहीत आठशेहून अधिक शब्द सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते. ‘बेनेव्होलंट’, ‘मॅग्नॅनिमस’ तर तोंडपाठ. एकदा परदेशातील ग्राहकाला कळवायचे होते की शाडूची मूर्ती घाईने वाळवली तर तिला तडे जातात, म्हणून आणखी आठ दिवस द्यावेत. त्यांनी पत्रात तड्यांसाठी ‘ब्रोकन’ लिहिले. मूर्ती फुटल्या असे समजून ग्राहकाने मागणी रद्द केली. ‘क्रॅक’ हा शब्द त्यांच्या कारखान्यात दिवसातून दहा वेळा उच्चारला जात होता. वहीत मात्र तो नव्हता, कारण तो त्यांना ‘नवा’ वाटलाच नव्हता.

शब्दसंग्रहाचा आरंभ अशा अर्ध्या ओळखीच्या शब्दांपासून व्हावा. रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या तोंडी ‘वाल्व’, ‘बॅच’, ‘लीकेज’ असतातच. त्यांचे वर्णलेखन आणि त्यांच्या सोबतीला येणारी क्रियापदे शिकणे एवढेच उरते. हे ‘एवढेच’ मात्र सोपे नाही. मराठीत भूक ‘लागते’ आणि झोप ‘येते’. का, याला उत्तर नाही. तसेच आपण निर्णय ‘घेतो’, तर इंग्रजीत तो बहुधा ‘मेक’ केला जातो. शब्द एकटा पाठ केला की ही संगत हातातून निसटते.

मराठीच्या अभ्यासकांजवळ आणखी एक साधन आहे, आणि ते आपण वापरत नाही याचे मला नेहमी नवल वाटते. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार कसे घडतात हे तुम्ही शिकला आहात. लॅटिनमधून आलेला ‘पोर्ट’, म्हणजे वाहून नेणे, असाच पाहा. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘इम’ म्हणजे आत, ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे: एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. उपसर्ग ओळखता आले की एका शब्दामागे त्याचे कुटुंब येते.

विस्मरणाचा प्रश्न उरतोच. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरील प्रयोगांतून दाखविले की पाठ केलेले बरेचसे पहिल्याच दिवसात विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते. पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत कासू, नागोठणे, निडी ही स्थानके येतात. प्रत्येक स्थानकाला कालचा एक शब्द आठवून पाहावा. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी आत्मसात केली. तेथे शब्दांपुढे काम होते.

पुढील संपर्कसत्राला येताना तुमच्या कामाच्या ठिकाणी रोज ऐकू येणारा एक इंग्रजी शब्द आणि त्यावर तुमच्याच कामाविषयी लिहिलेले एक वाक्य आणा. वाक्य चुकलेले असले तरी चालेल.