विहारात वाय-फाय हवे

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि वस्तीत केबल नाही! मुली तालुक्याला खेपा घालतात, सोबत जाणाऱ्या आईची मजुरी बुडते. अर्ज भरून देताना हे आम्ही दरवर्षी पाहतो.

२०२३ पासून टॉवरवरून थेट घरात इंटरनेट देणारी ‘एअरफायबर’ सेवा मिळू लागली आहे. छतावर यंत्र, घरात राउटर. मात्र पैसे भरण्याआधी त्याच कंपनीच्या मोबाइलने छतावर वेग तपासा. टेकडी-झाडी आड आली की तो घटतो.

एकट्याला खर्च झेपत नाही? २०२० च्या पीएम-वाणी योजनेत सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवायला परवाना लागत नाही. जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा बाजूला काढून विहारात एक जोडणी घ्यावी, असे आम्ही मंडळांना सुचवतो. जय भीम!