नाकारलेल्यांची नोंद

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू कुणाकडे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा गडी म्हणजे क्वार्टरबॅक. कर्ट वॉर्नर हा त्यातला एक. १९९४ साली त्याला एकाही संघाने निवडले नाही. ग्रीन बे पॅकर्सने सरावाला बोलावले आणि परत पाठवले. मग आयोवातल्या एका सुपरमार्केटमध्ये ताशी साडेपाच डॉलरवर रात्रपाळी. फळ्यांवर माल लावायचा. पुढे बंदिस्त मैदानातला फुटबॉल, अ‍ॅमस्टरडॅमचा एक हंगाम आणि अखेर सेंट लुईस रॅम्समध्ये राखीव जागा.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा निकामी झाला, तेव्हा कुठे अठ्ठावीस वर्षांच्या वॉर्नरची पाळी आली. त्या हंगामात ४१ टचडाउन पास, सर्वोत्तम खेळाडूचा मान आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोलचे विजेतेपद!

ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीची म्हणून सांगतो. मला ती निवडणाऱ्यांची वाटते. बँकेत असताना मी मुलाखतींच्या मंडळावर बसलो आहे. घेतलेला माणूस कुचकामी निघाला, तर वरून विचारणा होते. नाकारलेला पुढे कुठे गेला, याची चौकशी कोण करतो? तसले रजिस्टरच नसते. ग्रीनचा गुडघा धड राहता, तर पॅकर्सच काय, रॅम्सनाही आपण काय गमावले ते कळले नसते.

पुढे २००४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सनेही त्याला बाजूला बसवून नवख्या एलाय मॅनिंगला खेळवले. चार हंगामांनी, सदतिसाव्या वर्षी, त्याने अ‍ॅरिझोना कार्डिनल्सला अंतिम सामन्यात नेले.